साउंडवाल्या काकांना, जाहीर थँक्यू

काका, तुम्ही मोबाईलवर असलं काय वाचत नाहीत, पण पोरगा वाचून दाखवल म्हणून लिहायलोय.

परभणीत रॉक बँड म्हणलं की लोक विचारतात डीजे का. त्यात आमचा गाणारा गडी दिसायला भारी, आवाज असा की मंडप हालतो, आन् गाणी लिहिणारा मी स्टेजमागं केबल गुंडाळायलो. आमची भांडणं तर तुम्हाला पाठच आहेत, तो ओळी बदलायचा, मी वही उचलून निघायचो, पण गाणी बी त्यातूनच निघाली. मग गणपतीत एका मंडळानं बॅनरवर त्याचा एकट्याचा फोटो लावला, निवेदकानं गाणी सुद्धा त्याचीच करून टाकली, विचारायला गेलो तर अध्यक्ष म्हणे लिहायला काय लागतंय! तिथून आमचं बोलणंच बंद.

तसं हे अमेरिकेत पण झालंय. मीट लोफ गाणारा, जिम स्टाइनमन लिहिणारा. 1977 च्या 'बॅट आउट ऑफ हेल' अल्बमची सातही गाणी स्टाइनमनची, पण कव्हरवर त्याचं नाव बारीक अक्षरात. पुढं गायकाचा आवाज बसला, कोर्टकचेऱ्या झाल्या, 1983 ला त्यानं दिवाळखोरी जाहीर केली, आन् 1993 ला दोघांचा परत एकत्र अल्बम आला तर कितीतरी देशांत एक नंबर. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं बरंय, गाणारा कितीबी मोठा असू द्या, 'जनी म्हणे' त्याला म्हणावंच लागतं.

आन् मागच्या प्रोग्रामला तुम्ही काय केलं, मिक्सरवर नेहमीसारखी पांढरी टेप लावली, व्होकल, गिटार, बास, ड्रम लिहिलं आन् शेवटच्या चॅनलवर 'कवी'. स्टँड माझ्या उंचीला आणला. म्हणलं काका मी गात नसतो, तर तुम्ही म्हणले, गाऊ नको, गाणं कुणाचंय तेवढं सांग. समजावणं नाही, मध्यस्थी नाही, जास्तीच्या माईकचं भाडं पण लावलं नाही. आमच्या हिरोनं ती टेप वाचली, काहीच बोलला नाही, फक्त थोडा बाजूला सरकला. मला तेव्हा बोलताच येईना राव, घसाच दाटला. शाल-नारळ देणारे लई बघितले काका, असं गुपचूप माणसाला जागा करून देणारं कुणी बघितलं नव्हतं.

परवा त्याच मंडळाचा फोन आला. ह्यानंच उचलला, म्हणला साउंड आमच्या काकांचा असल तरच येतो आन् पुढं माईक दोन लागतील. फोन ठेवला आन् लगेच मला म्हणे, दुसऱ्या अंतऱ्यातली ती ओळ बदल.

नाही बदलणार.