कर्जफेड कॅलेंडर बघून नको, कमाई बघून हवी

महोदय,

शैक्षणिक कर्जाच्या कायद्यांची चर्चा निघाली की ती थकबाकीच्या वसुलीवरच अडकते. घरकर्ज बुडालं तर घर जप्त होतं. पदवी जप्त करता येत नाही आणि विद्यार्थ्याचा पगार अजून सुरूही झालेला नसतो. म्हणूनच इथे कर्ज देणाऱ्याला हमी आणि घेणाऱ्याला सवड, दोन्ही कायद्यानेच द्यावं लागतं.

अमेरिकेत पारडं हमीकडे झुकलं. १९७६च्या कायद्याने ही कर्जं पहिली पाच वर्षं दिवाळखोरीतून सहजी माफ होईनाशी झाली. १९९०मध्ये पाचाची सात वर्षं झाली, १९९८मध्ये मुदतीची अटच गेली. आता माफीसाठी कोर्टात असह्य हलाखी सिद्ध करावी लागते. हप्त्याला महाग असलेल्याने वकील कुठून करायचा?

ऑस्ट्रेलियाने १९८९मध्ये फेड उत्पन्नाशी जोडून ती करखात्यामार्फत घ्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये ठरावीक मर्यादेवरच्या कमाईचे ९ टक्के कापले जातात. मर्यादा २५,००० पौंड आणि पगार ३०,००० असेल, तर कपात वर्षाला ४५० पौंड. नोकरी गेली की कपात आपोआप थांबते, अर्ज-विनंत्या कराव्या लागत नाहीत. मला हीच पद्धत रास्त वाटते.

ठरावीक हप्त्याच्या कर्जात खरी मेख असते ती सवलतीच्या काळात. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असा अनेकांचा समज होतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी सुरुवातीला एक लाख उचलले, सरळव्याज १० टक्के आणि शिक्षणानंतर एक वर्ष सवलत धरा. फेड सुरू होताना चार लाखांवर १ लाख ४० हजार व्याज चढलेलं असतं. ते मुद्दलात मिळवलं की दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता सुमारे ५,२८६ऐवजी ७,१३६ होतो. म्हणजे त्या १ लाख ४० हजारांपोटी सुमारे २ लाख २२ हजार भरावे लागतात. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर हा फुगवटा टळतो, पण ते प्रत्येक घराला झेपत नाही.

निदान चढणारं व्याज आणि त्यापोटी प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम, हे दोन आकडे सहीआधी कर्जदाराला आणि जामीनदारालाही लेखी देणं बंधनकारक हवं. मुदतवाढीचा अर्ज हप्ता चुकण्याआधी करायचा असतो, हेही त्याच कागदावर ठळक छापावं. आधी हप्ता चुकला तर पतनोंदीवर डाग पडून गेलेला असतो, मग मुदतवाढ मिळूनही तो पुसला जात नाही.

– एक वाचक