जाहिरातीत काय लिहू, असं तू विचारलंस

भोसरी, पुणे
रविवार, रात्री

प्रिय सुमे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं, पण माल पाठवायची घाई होती, म्हणून उत्तराला आज बसले. शिरोलीत गाळा मिळाला हे वाचून इतका आनंद झाला की आईला ओरडूनच सांगितलं. दोन सीएनसी लेथ (संगणकाच्या सूचनांवर चालणारे), कामाला घ्यायची पहिली चार माणसं, आणि त्यांच्यासाठी जाहिरातीत काय लिहू असं तू विचारतेस. सहा वर्षांपूर्वी मी हे कुणाला विचारलं असतं, तर एक चांगला ग्राहक हातचा गेला नसता.

मी तेव्हा लिहिलं होतं : डिप्लोमा मेकॅनिकल, किमान तीन वर्षं अनुभव, इंग्रजी आवश्यक. कुणाच्या तरी जाहिरातीवरून उतरवलेलं. मग केबिनमध्ये पंधरा मिनिटं गप्पा, गाव कुठलं, आधीची कंपनी का सोडली. बोलायला चटपटीत असला की घेतला. असाच एक ऑपरेटर घेतला. चार वर्षांचा अनुभव खरा होता, पण त्या चार वर्षांत त्याने दुसऱ्याने सेट केलेल्या मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावला, बटण दाबलं, जॉब काढला, एवढंच केलं होतं. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजला की ऑफसेट द्यायचा असतो, म्हणजे मशीनमध्ये तेवढी मापाची दुरुस्ती भरायची असते, हे त्याच्यावर कधी सोपवलंच नव्हतं. रात्रपाळीत बोअर, म्हणजे आतलं भोक, हळूहळू लहान होत गेला आणि सकाळी १८० बुश (नळीसारखे पोकळ भाग) बाद. त्याला मी दोष देत नाही, सुमे. मी त्याला यातलं काही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी चार दिवस वही घेऊन आमच्या जुन्या सेटरदादांच्या शेजारी उभी राहिले. ते दिवसभर नेमकं काय करतात ते लिहून काढलं. इंग्रजी कुठेच आलं नाही. ड्रॉइंग वाचणं, त्या मापाला योग्य ते साधन उचलणं, ठरलेल्या जॉबनंतर न चुकता मोजणं, ऑफसेट देणं, कापण्याचा आवाज बदलला की मशीन थांबवणं. आणि एक गोष्ट वहीत मी दोनदा अधोरेखित केली आहे : चूक झाली की लगेच येऊन सांगणं. तू तुझ्या मशीनपाशी अशी उभी राहा, मगच जाहिरात लिही.

आता मी केबिनमध्ये नाही, शॉपवरच बघते. २५ एच ७ बोअरचं, म्हणजे २५ मिमीच्या आणि ‘एच ७’ एवढी सवलत असलेल्या भोकाचं, ड्रॉइंग देते आणि विचारते, सगळ्यात लहान किती चालेल, सगळ्यात मोठा किती? तक्ता समोरच असतो, पाठांतर मला नकोच आहे. उत्तर २५.००० ते २५.०२१ मिमी. मग टेबलावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज (त्याची ‘गो’ बाजू भोकात जायला हवी, ‘नो-गो’ जायला नको) आणि चार बुश, त्यातला एक मुद्दाम बाद ठेवलेला. सवलत अवघी २१ मायक्रॉन, म्हणजे ०.०२१ मिमी, आणि व्हर्निअरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान मापच, ०.०२ मिमी, म्हणजे तो इथे उपयोगाचा नाही. गेल्या वर्षी जुन्नरकडचा एक मुलगा आला होता, आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर. बोलताना मान वर करत नव्हता. त्याने व्हर्निअर उचलला, परत ठेवला आणि म्हणाला, “ताई, प्लग गेज घेऊ का?” तिसऱ्या बुशमध्ये नो-गो बाजू आत गेली तसा त्याने तो न विचारता बाजूला काढला. आज दुसरी पाळी तोच सांभाळतो. जुन्या जाहिरातीने तो दारापर्यंतही आला नसता.

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. मी आणि दादा वेगवेगळे गुण लिहितो, बोलतो नंतर. नाहीतर माझ्या तोंडाकडे बघून त्यांचेही गुण बदलतात. त्या दिवसाची मजुरी आणि जेवण द्यायचं, निवड होवो न होवो.

मशीनचे बटण-पॅनेल, जी-कोडमधली (मशीनला सूचना द्यायच्या भाषेतली) तुमची पद्धत, हे तू पंधरा दिवसांत शिकवशील. त्यासाठी अनुभवाची अट घालू नकोस. पगार मात्र आकड्यात लिही. ‘योग्यतेनुसार’ वाचून चांगला माणूस पुढचं पान उलटतो.

शिकाऊ उमेदवारही घे. १९६१ च्या कायद्याने ३० किंवा जास्त माणसं असतील तर ते घ्यावेच लागतात. चार ते २९ असतील तर मर्जी आपली. आम्ही चौदाच आहोत, तरी दोघं घेतो. एकीला, टर्नर झालेल्या मुलीला, शेजारच्या गाळ्यात लग्न कधी करणार एवढंच विचारलं होतं. आमच्याकडे तिने बोअर गेज लावायच्या आधी सेटिंग रिंगवर, म्हणजे पक्क्या मापाच्या कड्यावर, शून्य तपासलं. दादांनी माझ्याकडे बघितलं, बास.

तुझ्या पहिल्या जॉबचं ड्रॉइंग पाठव, त्यावरून चाचणी बसवून देते. आणि चाचणीच्या दिवशी मी दादांना घेऊन येईन, रविवार धर. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मंगल