गोळ्या नकोत, दिवा हवा

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, स्टेमेटिल ही चक्कर-उलटीची गोळी पाठवू नकोस. उलट्या थांबत नसतील तेव्हा दोन-तीन दिवस ती गोळी ठीक, रोज घेतली तर तोटाच. व्हेस्टिब्युलर न्यूरायटिसनंतर, म्हणजे तोलाच्या नसेला सूज येऊन गेल्यावर, माझ्या उजव्या कानाची ती नस कमजोर राहिली आहे. दोन कानांच्या निरोपांत तफावत पडते, तिच्याशी मेंदूला जुळवून घ्यावं लागतं. तफावत जाणवली तरच तो शिकतो, आणि गोळी नेमकी ती जाणीव दाबते. शेजारच्या काकू एका बैठकीत बऱ्या झाल्या, कारण त्यांच्या कानातले कण सरकले होते आणि डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते जागेवर आणता येतात. कूस बदलली की घर गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, ती चक्कर वेगळी. माझ्यावर तो उपाय चालत नाही.

माझं औषध म्हणजे व्यायाम. हातभर अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर ठेवायची आणि 'नाही' म्हणताना हलवतो तशी मान हलवायची. अक्षर स्पष्ट दिसेल इतकाच वेग; ते पोहायला लागलं की कमी करायचा. एकेक मिनिट, मग विश्रांती, दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी मिळून किमान 20 मिनिटं. आधी कोऱ्या भिंतीवर, जमलं की कालनिर्णयवरच्या एखाद्या तारखेवर, कारण मागे गर्दी असली की डोळे भुलतात. थोडं गरगरणारच. पंधरा-वीस मिनिटांत निवलं नाही तर मात्र व्यायाम जास्त झाला. तेव्हा पुण्याला आल्यावर मी मान हलवताना दिसले की "बस गं आता" म्हणून थांबवू नका.

हिवाळ्यात जास्त त्रास होतो म्हणजे आजार वाढला असं नाही. तोल कान, डोळे आणि तळपाय मिळून सांभाळतात. इथे एडिनबरात डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, बर्फाखाली फुटपाथची कड दिसत नाही आणि जाड बुटांत जमीन कळत नाही. पुण्यात उजेडाची चंगळ, पण आपली न्हाणीघरं! डोक्यावरून तांब्या घेताना डोळे मिटलेले, मान खाली, फरशी ओली. बाबा, रबरी बुचांचं स्टूल आणा आणि भिंतीत पक्की दांडी बसवून घ्या. टॉवेलच्या दांडीवर विसंबू नका, तिचे स्क्रू माणसाचा भार धरत नाहीत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर छोटा दिवा हवा, आणि वीज गेली तर उशाशी टॉर्च. सरकणारं पायपुसणं काढून टाका.

तुळशीबागेत जाऊ, पण सकाळी दुकानं उघडताना. चारी बाजूंनी माणसं हलत असली की डोळ्यांचा हिशेब चुकतो. मला दंडाला धरून ओढू नका. मीच बाबांच्या हाताला बोटं टेकवीन, तेवढ्या स्पर्शानेही तोलाला आधार मिळतो. मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. सर्दी-ताप किंवा जागरण झालं की जुनी गरगर एक-दोन दिवस परत येते, त्याला घाबरायचं नाही.

मात्र चकरेबरोबर बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, चेहरा किंवा एक हात लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर लिंबूपाण्यात वेळ न घालवता 108 ला फोन. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे. हे तुम्हा दोघांनाही लागू आहे.

पर्वतीला हरकत नाही. चढण सोपी असते. उतरताना मी कठड्याच्या बाजूने येईन आणि बोलणार नाही. रागावले असं समजू नका. आणि बाबा, तुमचा प्रोग्रेसिव्ह चष्मा पायऱ्यांवर खालची कड धूसर दाखवतो, म्हणून तुम्हीही हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून बघा.

तुमची,
ताई