फारसीतून इंग्रजीत, इंग्रजीतून आपल्या भाषणांत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पाश्चात्त्यांनी इस्लामची बदनामी केली की खरे तेच सांगितले' हा वाद सध्या कोल्हापुरात व्याख्यानांतून आणि आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातूनही रंगतो आहे. एक बाजू 'ओरिएंटॅलिझम'चे लेखक एडवर्ड सैद यांचा हवाला देते, दुसरी एलियट-डाऊसन या इंग्रजांनी फारसी बखरींतून भाषांतरित केलेल्या उताऱ्यांच्या आठ खंडांतली वाक्ये फेकते. ती वाक्ये इंग्रजीत आली कशी, हे मात्र कोणीच विचारत नाही. साम्राज्याच्या काळात इस्लामला काय काय दूषणे दिली गेली याची यादी मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. खरे नुकसान झाले ते टेबलावरच्या कामातून. भाषांतर कशावरून केले, कोणते पान वगळले, तक्त्यात कोणता रकाना ठेवला, यातून.

कायद्याचे उदाहरण घेतो, कारण तिथे धागा सलग सापडतो. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की वारसा, विवाह, जात आणि धर्माचार या बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावायचा. ऐकायला हे उदारपणाचे वाटते. पण कंपनीच्या न्यायाधीशांना अरबी येत नव्हते आणि काझी-मौलवींच्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांना समोर ठेवता येईल असे एक इंग्रजी पुस्तक हवे होते. निवड झाली बाराव्या शतकातल्या बुऱ्हानुद्दीन मर्घिनानी यांच्या 'हिदाया' या इस्लामी कायद्यावरच्या ग्रंथाची. ग्रंथ मूळ अरबी. हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून मौलवींनी त्याचे फारसी केले, त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजी केले आणि १७९१ साली ते छापून आले. कोर्टात 'मोहमेडन लॉ' म्हणून जे उघडले जाई, ते भाषांतराचे भाषांतर होते. हिंदूंच्या वाट्यालाही तेच आले: हॅल्हेडचा १७७६ चा 'जेंटू कोड' संस्कृतातून फारसीत आणि फारसीतून इंग्रजीत उतरला होता.

शब्द चुकले ही त्यातली लहान गोष्ट. मोठी चूक पुस्तकाची जातकुळी न ओळखण्याची. 'हिदाया' म्हणजे कलमांची संहिता नव्हे. हनफी परंपरेचे प्रवर्तक अबू हनीफा एक सांगतात, त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद वेगळे सांगतात, आणि ग्रंथकार प्रत्येकाची कारणे मांडत पुढे जातो. मुफ्ती, म्हणजे धर्मकायद्यावर मत देणारा जाणकार, समोरचे प्रकरण, गावची रीत आणि माणसांची परिस्थिती पाहून त्यातले एक मत उचलत असे. पुढच्या प्रकरणात दुसरे उचलायला तो मोकळा असे. इंग्रज न्यायाधीशाने एकदा एक मत उचलले की तो निवाडा पायंडा ठरे आणि खालच्या कोर्टांना बांधून टाकी. पुढे 'शरियत बदलतच नाही' असे जे म्हटले जाऊ लागले, त्यातला बराच कडकपणा या पायंड्यांचा आहे.

याचा फटका कसा बसला ते वक्फात, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या राखून ठेवलेल्या मिळकतीत, दिसते. कुटुंबाच्या निर्वाहासाठी केलेला आणि वंश खुंटल्यावर गोरगरिबांकडे जाणारा वक्फ ही जुनी, सर्वमान्य रीत होती. १८९४ साली अबुल फता यांच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, असा वक्फ रद्द ठरवला: गरिबांना मिळणारा लाभ फार दूरचा आणि नावापुरता, म्हणजे हा धर्मादायच नव्हे. धर्मादायाची ही कल्पना इंग्लंडातली होती. न्यायमूर्ती अमीर अली यांनी त्याआधीच कलकत्ता हायकोर्टात, बहुमताच्या विरोधात जाऊन, मूळ ग्रंथांच्या आधारे उलट मत नोंदवले होते. त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी असे वक्फ वैध ठरवणारा, जिना यांनी मांडलेला कायदा १९१३ साली मंजूर झाला. तोही मागच्या वक्फांना लागू होईना, म्हणून १९३० साली आणखी एक कायदा करावा लागला. मधल्या ३६ वर्षांत अशा वक्फांच्या मिळकतींवर टांगती तलवार राहिली. हायकोर्टाचे सर्किट बेंच आल्यापासून आपल्या शहरात वकिलांची वर्दळ वाढली आहे. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, मुस्लिम कायद्यासाठी आजही आधी दिनशा मुल्ला यांचेच पुस्तक कपाटातून निघते, आणि त्या पुस्तकाचा पाया हेच निवाडे आहेत.

आता इतिहासाकडे. एलियटने १८४९ च्या प्रस्तावनेत आपला हेतू लपवला नव्हता: हे उतारे वाचून एतद्देशीय प्रजेला इंग्रजी अमलाचे फायदे कळावेत. तो १८५३ साली वारला आणि डाऊसनने १८६७ ते १८७७ या काळात आठ खंड काढले. हे उतारे आहेत, पूर्ण ग्रंथ नव्हेत. लढाया, कत्तली, देवळांची पाडापाड घेतली. महसूल, कवी, सूफी, बाजारभाव यांना बऱ्याच ठिकाणी कात्री लागली. चुका किती आहेत हे पाहायचे असेल तर शहापूरशहा होडीवाला यांनी १९३९ साली काढलेले टिपणांचे जाडजूड पुस्तक पाहावे.

तिसऱ्या खंडातला, चौदाव्या शतकातला दिल्लीचा फारसी इतिहासकार झियाउद्दीन बरनी याचा उतारा भाषणांत सर्रास येतो. अल्लाउद्दीन खलजीने हिंदूंची अशी अवस्था करायची ठरवली की घोड्यावर बसायला, शस्त्र बाळगायला, चांगले कपडे घालायला त्यांच्याकडे काही उरू नये. वाक्य इथेच संपवले जाते. बरनी मात्र पुढे लगेच सांगतो की खूत असो की बलाहर, सर्वांना महसुलाचा एकच नियम लावायचा. बलवानाचा बोजा दुबळ्यावर पडू द्यायचा नाही. बलाहर म्हणजे गावातला सर्वांत खालचा सेवक. खूत आणि मुकद्दम हे आपल्याकडच्या पाटील-देशमुखांसारखे. घोडे, शस्त्रे आणि भारी कपडे यांच्याकडेच होते. नांगर धरणाऱ्या कुणब्याकडे ते कधी नव्हतेच, मग काढून काय घेणार? इतिहासकार मोरलँड यांनी १९२९ साली हे दाखवून दिले की बरनी अशा ठिकाणी 'हिंदू' हा शब्द गावच्या या वरच्या थरासाठी वापरतो. मोरलँड स्वतः इंग्रजी सनदी नोकरीतले. अल्लाउद्दीन यातून दयाळू ठरत नाही. निम्मे पीक सारा म्हणून उचलणारा तो कठोर सुलतान होता, आणि बरनीही हिंदूंविषयी कडवटच लिहितो. पण महसुलाच्या भांडणाला निव्वळ धर्मयुद्ध बनवले ते त्या अर्ध्यावर तोडलेल्या वाक्याने.

रकान्यांचेही असेच. कोल्हापूरचे गॅझेटियर १८८६ चे. सातारा, सोलापूर, विजापूरचे खंड त्याच्या शेजारी ठेवा. मुसलमानांच्या नोंदींना एकच साचा दिसेल: नाव, भाषा, पेहराव, धंदा, आणि शेवटी नमाजाला किती नियमित, हिंदू देवांना मानतात की नाही. ग्रंथातला तो खरा धर्म आणि माणसे पाळतात ती भेसळ, हे त्या साच्यातच गृहीत आहे. १९११ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्याने गुजरातेतल्या काही समाजांची नोंद 'हिंदू-मुहमदन' अशी केली, तर वरून जनगणना आयुक्त गेट यांनी नापसंती कळवली: कोणत्या तरी एकाच धर्मात घालायला हवे होते. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजे हिंदू घरांतून मानले जातात. त्या रकान्यात हे कुठे लिहिणार? आज दोन्हीकडचे कडवे लोक हीच 'भेसळ' काढायला निघाले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सैद यांच्याबद्दल थोडे. १९७८ च्या 'ओरिएंटॅलिझम'मधल्या त्यांच्या मांडणीने सत्ता आणि ज्ञान यांची गाठ दाखवली, ते ऋण मोठे आहे. पण त्यांचा भर इंग्रज, फ्रेंच आणि अमेरिकन लेखनावर आहे. जर्मन भाषेतली अभ्यासाची मोठी परंपरा त्यात जवळजवळ नाही. हंगेरीच्या गोल्डझिहरसारखा इस्लामचा अभ्यासक, जो १८७३-७४ साली कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात बसून शिकला, त्याला साम्राज्याचा हस्तक म्हणणे अन्यायाचे होईल. इतिहासकार बर्नार्ड लुईस यांनी सैद यांच्याशी झालेल्या १९८२ च्या वादात यावर बोट ठेवले होते आणि तेवढ्यापुरते ते बरोबर होते. उस्मानी आणि मोगल हीसुद्धा साम्राज्येच होती, हेही विसरायचे कारण नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहिले गेले ते गप्प बसले नव्हते. नेपोलियनने १७९८ साली कैरोत अरबी जाहीरनामा लावला तेव्हा तिथला इतिहासकार अल-जबर्तीने त्याचा शब्दन् शब्द तपासून व्याकरणाच्या चुका लिहून ठेवल्या. १८७१ साली हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने मुसलमानांच्या राजनिष्ठेविषयी शंका घेतली, त्याला सर सय्यद अहमद खान यांनी लगेच उत्तर दिले.

आपल्याकडे विनंती एवढीच, की पत्रात किंवा लेखात असा उतारा छापताना मूळ भाषा, भाषांतरकार आणि साल छापावे, आणि उताऱ्याच्या आधीचे-नंतरचे वाक्य लेखकाकडून मागून घ्यावे. चार ओळी जागा जाईल, पण निम्मी भांडणे तिथेच मिटतील. मराठी वाचकाला सेतुमाधवराव पगडी यांनी थेट फारसीवरून केलेली भाषांतरे उपलब्ध आहेत. ती आधी उघडावीत.

आणि शहरातल्या संस्थांना एक सुचवावेसे वाटते. मोडीचे वर्ग भरतात तसे फारसीचेही भरावेत. लिपी बसायला काही आठवडे पुरतात, आणि दफ्तर, फिर्याद, वसूल, मुकादम हे शब्द तर आपल्या तोंडी आहेतच. बरनीचा फारसी मजकूर सर सय्यद यांनीच संपादित केला आणि १८६२ साली कलकत्त्याला तो छापून झाला आहे. खूत आणि बलाहराचे ते एक पान पहिल्या वर्गाला घ्यावे.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर