‘मागचे तीन आकडे मला सांगू नका’: चप्पल लाईनमधल्या ताईंचे आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीतल्या, तुमच्या दुकानातला फोन वाजतो. पलीकडचं गिऱ्हाईक माप सांगतं, पत्ता सांगतं आणि लगेच कार्डाचे सोळा आकडे सांगायला लागतं. तुम्ही मध्येच थांबवता, ‘दादा, थांबा की. नंबर मला सांगू नका, आणि मागचे तीन आकडे तर अजिबात नकोत. लिंक पाठवते, तुमचं तुम्ही भरा.’ हे पत्र त्या बोलण्यासाठी आहे. आम्ही कोल्हापुरात कार्ड व्यवहारांच्या तक्रारी हाताळतो. आमच्याकडे माणूस येतो तेव्हा पैसे गेलेले असतात. तुम्ही ते जाण्याआधीच थांबवता. म्हणून मनापासून आभार, आणि ते उघड मानतोय, म्हणजे फोनवरून चपला मागवणाऱ्यांनाही कळेल की ताई नंबर का ऐकून घेत नाहीत.

काहींना राग येतो. ‘आम्ही विश्वास ठेवतोय आणि तुम्हीच नको म्हणताय,’ असं ते बोलतात. पण इथे विश्वासाचा प्रश्नच नाही. हे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, कशासाठी असतात ते कळलं की राग राहणार नाही. कार्डनंबर, मुदतीचा महिना-वर्ष आणि एक सर्व्हिस कोड (कार्ड कुठे, कसं चालेल हे सांगणारा आकडा) यांवरून बँक आपल्या गुप्त किल्लीने हे आकडे काढते. म्हणूनच मुदत संपून नवं कार्ड आलं की नंबर तोच असला तरी मागचे आकडे बदललेले असतात. चुंबकीय पट्टीत आणि चिपमध्येही याच जातीचे कोड असतात, पण त्यांचे आकडे वेगळे. त्यामुळे एखाद्याने पट्टीची नक्कल केली तरी छापलेले तीन आकडे त्याच्या हाती लागत नाहीत. ते फक्त कार्डाच्या प्लास्टिकवर असतात, आणि समोर न दिसणाऱ्या माणसाच्या हातात खरंच ते कार्ड आहे, एवढीच साक्ष ते देतात. वहीत उतरवले की ती साक्ष गेली. मग ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती कार्ड.

अमेरिकन एक्स्प्रेसच्या कार्डावर हे आकडे चार असतात आणि पुढच्या बाजूला छापलेले असतात. हल्ली बऱ्याच बँका नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही असं सगळंच मागच्या बाजूला छापतात. म्हणजे ‘फक्त मागच्या बाजूचा फोटो पाठवा’ यातला ‘फक्त’ फसवा आहे. त्या एका फोटोत सगळं येतं.

कार्ड कंपन्यांनी मिळून केलेले सुरक्षेचे नियम आहेत, त्यांना पीसीआय डीएसएस म्हणतात. पहिली आवृत्ती २००४ ची. त्यात स्पष्ट आहे की व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराने सीव्हीव्ही कुठल्याही रूपात ठेवायचा नाही. कुलपात नाही, कॉम्प्युटरमध्ये सांकेतिक रूपातही नाही, गिऱ्हाईकाने स्वतः ‘ठेवा’ म्हटलं तरी नाही. रिझर्व्ह बँकेने पुढचं पाऊल टाकलं. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखी कंपनी) सोडून कुणालाही पूर्ण कार्डनंबर साठवता येत नाही. हिशोब जुळवण्यासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं. नेहमीच्या वेबसाईटवर ‘कार्ड सेव्ह करा’ म्हटल्यावर तिथे टोकन राहतं, म्हणजे नंबराऐवजी फक्त त्याच वेबसाईटवर चालणारा वेगळा आकडा. ते टोकन चोरून दुसरीकडे वापरता येत नाही.

तुमची ऑर्डरवही आम्ही पाहिली आहे, आणि खरं सांगायचं तर या पत्राचं मूळ त्या वहीत आहे. नाव, गाव, पायाची लांबी, कापशी की दुसरा प्रकार, रंग, पायाचा कागद (पाय ठेवून आखलेलं माप) मिळाला की नाही, आणि शेवटच्या रकान्यात ‘लिंक, भरले, ४ अंक’. एवढंच. जुन्या पानांवर मात्र त्याच रकान्यात पूर्वीच्या कुणीतरी सोळा आकडे, मुदत आणि पुढे एका गोलात तीन आकडे लिहिलेले होते. तुम्ही त्यावर काळा मार्कर फिरवून काम संपवलं नाहीत. पान उजेडाकडे धरलं की मार्करखालचं लिखाण मागून वाचता येतं, आणि बॉलपेन दाबून लिहिलेलं असेल तर खालच्या कोऱ्या पानावरही ठसा उठतो. तुम्ही ती पट्टी कात्रीने कापून बारीक तुकडे केलेत आणि खालचं पानही काढलंत. ही अक्कल कुठल्या पत्रकात लिहिलेली नसते. त्या गिऱ्हाईकांना हे कधी कळणारही नाही, म्हणून त्यांच्या वतीने आम्हीच आभार मानतो.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न: ओटीपी असतो, मग तीन आकडे सांगितले तर बिघडलं कुठं? भारतात ऑनलाईन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी, म्हणजे बहुतेक वेळा हा ओटीपीच, २००९ पासून सक्तीची आहे, आणि फोनवरच्या स्वयंचलित प्रणालीतून होणाऱ्या व्यवहारांना २०११ पासून. त्यामुळे इथल्या कार्डाचा नंबर फोनवर सांगून काम पुरं होतच नाही, पाठोपाठ ओटीपीही सांगावा लागतो. म्हणजे दुकानदार प्रामाणिक असला तरी गिऱ्हाईकाला सवय लागते ती नंबर, सीव्हीव्ही आणि ओटीपी, तिन्ही फोनवर बोलून द्यायची. भामट्याला नेमकी हीच सवय झालेला माणूस हवा असतो. तुम्ही ती सवय लागूच देत नाही.

त्याशिवाय ओटीपीची भिंत सगळीकडे नाही. परदेशातल्या अनेक वेबसाईटवर आपलं कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरच चालतं, ओटीपी विचारलाच जात नाही. काही ठिकाणी तर सीव्हीव्हीसुद्धा विचारत नाहीत. उलट बाजूने, परदेशी बँकेच्या कार्डाला आपल्याकडची ओटीपीची सक्ती लागू होत नाही. दुबईहून किंवा अमेरिकेहून मावशीसाठी, मित्रासाठी कोल्हापुरी मागवणाऱ्या माणसाने फोनवर तीन आकडे दिले, तर त्याच्या कार्डाला दुसरं कुलूपच राहत नाही. अशा गिऱ्हाईकांशी तुम्ही सगळ्यात कडक असता, हे अगदी बरोबर आहे.

यात दुकानाचंही हित आहे. परदेशी कार्डाचे आकडे मशीनवर हाताने टाकून पैसे घेतले आणि महिन्याभराने कार्डधारकाने ‘हा व्यवहार माझा नाही’ म्हटलं, तर पैसे दुकानाच्या खात्यातून परत जातात. चपला तर आधीच गेलेल्या. लिंकवरून बँकेच्या पानावर पडताळणी होऊन पैसे आले असतील, तर अशा वादाचा भार बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो.

लिंकची तुमची पद्धत इतर दुकानांनी जशीच्या तशी उचलावी. गेटवे म्हणजे कार्डाचे पैसे दुकानाच्या खात्यात पोचवणारी कंपनी; तिच्या अ‍ॅपमध्ये रक्कम, गिऱ्हाईकाचं नाव आणि वर्णनात ‘कापशी, ८ नंबर, १ जोड’ असं लिहायचं. लिंकला मुदत घालायची, २४ तास पुरे. मुदत नसलेली लिंक महिन्याने कुणीतरी जुन्या भावाने भरतं आणि मग परताव्याची कटकट होते. फोन चालू असतानाच लिंक पाठवायची आणि रक्कम तोंडी सांगायची, म्हणजे गिऱ्हाईकाला दोन्ही ताडून बघता येतं. ‘भरले’ असा स्क्रीनशॉट आला तरी आपल्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही, कारण स्क्रीनशॉट हवा तसा बनवता येतो. गेटवेचं कमिशन साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी. परदेशी कार्डाला जास्त पडतं आणि ती सोय गेटवेकडे वेगळी सुरू करून घ्यावी लागते. हा खर्च जड वाटतो खरा, पण एक वादात गेलेला जोड कित्येक जोडांचं कमिशन खातो.

गिऱ्हाईकाच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. फोन आपण केलेला असावा, आणि जुन्या बिलावरच्या किंवा ओळखीच्या माणसाने दिलेल्या नंबरवर. इंटरनेटवर शोधताना वर दिसलेला नंबर दुकानाचाच असेल याची खात्री नसते. पानावर कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे दुकान खरं, असंही नाही. ते चिन्ह एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कुणी वाचू शकणार नाही. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. आणि ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचावा. त्यात रक्कम आणि दुकानाचं किंवा गेटवेचं नाव असतं. २,४०० च्या जोडाला २४,००० दिसले, तर तिथेच थांबायचं.

चपलांच्या धंद्यात माप चुकतं, जोड परत येतो, आणि परतावा म्हटलं की भामट्यांना वाट मोकळी होते. ‘रिफंड टाकायचाय, कार्डाचे मागचे आकडे सांगा’ असा फोन आला की समजावं, हा दुकानातला नव्हे. ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर परतावा जातो. गेटवेला तो व्यवहार ठाऊक असतो, म्हणून सीव्हीव्ही, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन यातलं काहीच लागत नाही. पैसे दिसायला साधारण ५ ते ७ कामकाजाचे दिवस लागतात. तुम्ही पार्सलमध्ये टाकता त्या चिठ्ठीवर ‘परताव्यासाठी आम्ही कधीही नंबर विचारत नाही’ ही ओळ छापलीत, त्याबद्दल वेगळे आभार. पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा, असे मेसेजही याच जातीचे. रक्कम मुद्दाम क्षुल्लक असते, कारण पाच रुपयांचा लोभ कुणालाच नसतो. त्या पानावर टाकलेले कार्डाचे आकडे त्यांना हवे असतात.

फोटोचं पुन्हा सांगतो, कारण सांगून थकलो तरी ते थांबत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कार्डाचा फोटो गॅलरीत जातो, बॅकअपमध्ये जातो, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असेल तर तिथेही दिसतो. चॅटमधून काढला म्हणजे सगळीकडून गेला, असं धरून चालता येत नाही. तुम्ही फोटो ताबडतोब काढून टाकता आणि पाठवणाऱ्याला ‘आता अ‍ॅपमधून कार्ड बंद करून नवं मागवा’ असं सांगता. त्याला ते नको असतं, आठवडाभर कार्डाविना राहावं लागतं. तरी तुमचं म्हणणंच बरोबर.

ज्यांनी आधीच आकडे सांगून टाकलेत त्यांनी हे असं करावं. बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड लगेच ब्लॉक करावं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करावा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. इथे तासातासाला महत्त्व आहे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. पण स्वतः आकडे किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. लाजेपोटी एक रात्र गप्प बसलं, तर त्या रात्रीचे पैसे आपल्याच खिशातून जातात. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि ज्यांचं काहीच गेलेलं नाही त्यांनी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर बंद आहे का, ते आजच बघावं. २०२० पासून बँकांना ही बटणं द्यावीच लागतात. ऑनलाईन वापराची मर्यादाही तिथेच खाली आणता येते. मागचे आकडे कुठेतरी लिहून ठेवून कार्डावर छोटं स्टिकर लावलं तरी चिपवर कार्ड नेहमीसारखं चालतं, कारण मशीनला ते आकडे लागत नाहीत. फक्त लिहिलेला कागद त्याच पाकिटात ठेवू नये.

ताई, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी होते, दुकानात हंगामी मुलं येतात आणि फोन त्यांच्या हातात जातो. फोनजवळ तुम्ही चिकटवलेला कागद त्यांना आधी वाचायला लावाच. एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. तुमच्या दुसऱ्या मोबाईलवर कॉल रेकॉर्डिंग आपोआप चालू असतं. गिऱ्हाईकाला थांबवायच्या आत त्याने चार-सहा आकडे बोलून टाकलेले असतात, आणि तेही त्यात राहतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, आधीच्या फायली पुसा, आणि ड्राईव्हवर प्रत जात असेल तर तिथूनही काढा. जमलं नाही तर शनिवारी दुपारी आम्ही येऊन करून देतो.

आपले,
कार्ड व्यवहारांच्या तक्रारी पाहणारे आम्ही काही जण,
कोल्हापूर