प्रश्न खलनायिकेच्या जिभेचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालिकांवर चिडलेल्या वाचकांची पत्रं आपल्या पानावर अधूनमधून येतात. कथानक ताणलंय, बायका झोपतानाही भरजरी साडीत असतात, तर्काला सुट्टी दिली आहे, वगैरे. पात्रं जे बोलतात त्याकडे मात्र फारसं कोणी वळत नाही, आणि वळलंच तर बोट दुष्ट सासूकडे नाहीतर कारस्थानी जावेकडे जातं. मला वाटतं, त्या दोघींना मोकळं सोडावं. वाईट पात्राने वाईट बोलायचं नाही तर कोणी? ‘हिने घराण्याला वारस दिला नाही’ हे वाक्य खलनायिकेच्या तोंडी असेल आणि ते ऐकताना आपल्याला चीड येत असेल, तर संवादलेखकाने आपलं काम चोख केलंय.

मला खटकतात ती भल्या माणसांची वाक्यं. मुलीने कर्ज फेडलं, घर सावरलं, की प्रेमळ बाबा डोळे पुसत म्हणतात, ‘तू माझी मुलगी नाहीस, मुलगा आहेस!’ मागे बासरी, समोर तिचा कृतार्थ चेहरा. एवढं करूनही मुलगी म्हणून कौतुक झालंच नाही, थेट बढती मिळाली. नायकाचा जिवलग मित्र त्याला डिवचतो, ‘हातात बांगड्या भरल्यात का?’ आणि नायक खरोखरच पेटून उठतो, म्हणजे टोमणा रास्त ठरला. घरातली सर्वांत शहाणी, सगळ्यांची लाडकी आजी नातसुनेला जवळ घेऊन सांगते, ‘पुरुषाचा राग असायचाच गं, बाईने नमतं घेतलं की घर टिकतं.’ नातसून मान डोलावते, भाग संपतो. आजीचं हे बोलणं खोडायला पुढच्या भागातही कोणी उभं राहत नाही, कारण ते खोडण्यासारखं आहे असं लिहिणाऱ्यालाच वाटलेलं नसतं. विनोदी कार्यक्रमांबद्दल न बोललेलं बरं. बायको म्हणजे कटकट, तिचं वजन आणि तिचं माहेर, एवढ्या भांडवलावर तिथे वर्षानुवर्षं दुकान चालू आहे.

म्हणून संवाद तपासताना मी एवढंच पाहते: ते वाक्य उच्चारल्यावर प्रसंगात काय घडलं? कोणी उत्तर दिलं का, कोणाचा चेहरा बदलला का, बोलणाऱ्याला त्याची काही किंमत मोजावी लागली का? काहीच घडलं नाही, तर ते मत पात्राचं न राहता मालिकेचं होतं.

‘समाज असाच बोलतो, आम्ही आरसा दाखवतो’ हे उत्तर मला पाठ आहे. समाज असा बोलतो हे खरंच आहे, आणि लेखकाला ते लिहिण्याची मुभा हवीच. पण नुसता आरसा धरून भागत नाही, याचे जुने दाखले आहेत. अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेत आर्ची बंकर नावाचा पूर्वग्रहांनी भरलेला बाप होता. बायकोला तो सतत मूर्खात काढायचा, गप्प बसवायचा. हेतू त्याचीच टर उडवण्याचा होता. व्हिडमार आणि रोकीच या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवलं, की ज्या प्रेक्षकांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना आर्ची आवडत होता, आणि वादात तोच जिंकतो असं त्यांना वाटत होतं. आपल्याकडे १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली. त्यातली भागवंती, म्हणजे सगळं मुकाट्याने सोसणारी आई, ‘असं जगू नये’ हे दाखवण्यासाठी होती. कितीतरी प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. तिथे तर हेतू चांगला होता आणि भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द समजावूनही सांगत. आजच्या मालिकेत ती सोय नाही आणि पुष्कळदा तो हेतूही नाही.

टीव्हीने बायकांचं फक्त नुकसानच केलं, असं मात्र मी म्हणणार नाही. जेन्सन आणि ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा भारतातल्या गावांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. केबल पोहोचल्यावर त्या गावांत नवऱ्याने मारणं योग्य मानणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं आणि मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला. त्या वेळी केबलवर ज्या मालिका चालत, त्या काही फार पुरोगामी होत्या असं नाही. तरी पडद्यावर शिकलेली, बाहेर पडणारी बाई दिसणं एवढ्यानेही फरक पडला. ज्या माध्यमात एवढी ताकद आहे, त्याने संवादाच्या बाबतीत ‘आमच्या बोलण्याने काय होतंय’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही.

आता नियमांकडे वळते, कारण इथे एक मजेशीर फट आहे. मालिकांना चित्रपटासारखं आधी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. त्यांना लागू होते ती केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधली कार्यक्रम संहिता. स्त्रियांची अप्रतिष्ठा करू नये असं ती म्हणते, पण ते कलम स्त्रीच्या आकृतीबद्दल, शरीराच्या चित्रणाबद्दल आहे. त्याच संहितेत वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांना हिणवण्याबद्दलचं कलम आहे, आणि तिथे मात्र दृश्यांबरोबर शब्दांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे एखाद्या प्रांताच्या लोकांना संवादातून हिणवलं तर नेमकं कलम हाताशी आहे. बायकांना हिणवलं तर ‘अभिरुची’सारख्या ढोबळ कलमाचा आधार शोधत बसायचं. (पुढे स्त्रियांना नेतृत्वाच्या, संयमी आणि चारित्र्य घडवणाऱ्या भूमिकांत दाखवण्याचा प्रयत्न करावा, असंही संहिता सांगते. चारित्र्य घडवण्याचं काम पुन्हा बायकांकडेच!)

याउलट २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पाहा. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून बाईला टोमणे मारणं, अपमान करणं, याची गणना तो शाब्दिक आणि भावनिक छळात करतो. घरात ज्या बोलण्यासाठी बाई दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागू शकते, तेच बोलणं मालिकेत मायाळू आत्याबाई काळजीच्या सुरात बोलून जातात आणि घरातलं कोणी हूं की चूं करत नाही. अशा वेळी निदान एका पात्राने ‘आत्याबाई, हे बोलणं बरं नव्हे’ म्हणावं, एवढीही अपेक्षा जास्त आहे का?

सगळा दोष संवादलेखकाच्या माथी मारणंही अन्यायाचं. दैनंदिन मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे; वर वाहिनीची क्रिएटिव्ह टीम. भागांची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग, संपत आली की प्रसंग आदल्या रात्री लिहून सकाळी सेटवर जातो. अशा घाईत हाताला लागतं ते तयार वाक्य, आणि आपल्या भाषेत बायकांना कमी लेखणाऱ्या तयार वाक्यांना तोटा नाही. पण वाहिनीवर प्रत्येक भाग तपासणारी माणसं असतातच. सिगारेट दिसली की खाली इशारा झळकतो, तो कोणाच्या तरी नजरेमुळेच. त्याच नजरेने संवादही वाचता येतील.

संहितेतल्या स्त्रियांच्या अप्रतिष्ठेबद्दलच्या कलमात ‘शब्द’ हा शब्द घालावा, ही माझी सरकारकडे मागणी. तोवर प्रेक्षकांच्या हाती तक्रार आहे. केबल नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. समाधान झालं नाही, तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. ‘मालिका स्त्रीविरोधी आहे’ एवढंच लिहिलं तर छापील उत्तर येण्याची शक्यता जास्त. मालिकेचं नाव, तारीख, वेळ, नेमकं वाक्य, ते कोणत्या पात्राने कोणाला उद्देशून म्हटलं आणि त्यावर प्रसंगात कोणी काय केलं, हे सगळं लिहावं. आपल्या मनोरंजन पुरवणीनेही मालिकांबद्दल लिहिताना टीआरपीच्या शेजारी असं एखादं वाक्य दर आठवड्याला छापावं, अशी विनंती.

आपली,
एक वाचक