रूटच्या पेटीतली १३५ पत्रं

शहापूर, बेळगाव
४ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २२ जुलै रोजी बंद पडलेला सर्व्हर, न तपासता दिलेला फॉर्मॅटचा सल्ला आणि ‘विजेचा दोष’ असं लिहून बंद केलेली तक्रार

महोदय,

शहापुरात आमचा छोटा छापखाना आहे. एक दुरंगी ऑफसेट मशीन, डीटीपीची तीन टेबलं, मी आणि चार माणसं. जून २०२४ मध्ये आपल्याकडून डेबियन १२ ही लिनक्सची सिस्टीम घातलेला सर्व्हर, तीन वर्कस्टेशन आणि एक यूपीएस घेतला. वर वर्षाला १८,००० रुपयांचा देखभाल करार केला, त्याचा दुसरा हप्ता याच जूनमध्ये भरलाय. लिनक्स घ्यायचं हा हट्ट माझाच होता आणि त्याबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते आपल्या माणसांनी ते कसं बसवलं आणि बंद पडल्यावर कसं वागले त्याबद्दल.

२२ जुलैला मंगळवारी, दुपारी दोनच्या पुढं आमच्या गल्लीतली लाईट गेली. आषाढातल्या पावसात बेळगावात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे, म्हणून तर यूपीएस घेतलेला. वीसएक मिनिटं त्यानं तग धरला आणि दोन चाळीसला सर्व्हर धाडकन बंद झाला. सव्वातीनला लाईट आली. बटण दाबलं आणि आमचा डीटीपीवाला पोरगा ओरडला, “मालक, काय तर वेगळंच यायलंय, पुढं जाईना की ह्ये.”

जाऊन बघितलं. काळ्या पडद्यावर तांबड्या चांदण्या इकडून तिकडं पळतायत, पुढं एका डिस्कचं नाव आणि घड्याळ चाललंय. दीड मिनिट झालं, चांदण्या थांबल्या आणि खाली ओळ आली: आपण इमर्जन्सी मोडमध्ये आहात, दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड द्या. रूट म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेलं खातं, आणि तो पासवर्ड आपण आम्हाला कधी दिलेलाच नाही. आत एकोणीस गणेश मंडळांची वर्गणीची पावती पुस्तकं, त्यांचे नंबर, लोगो, देणगीदारांच्या जाहिराती. चतुर्थी २७ ऑगस्टला. पावती पुस्तक महिनाभर आधी हातात नसेल तर मंडळाची पोरं वर्गणीला कशावर फिरणार?

मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ कन्नडमध्ये बोलले, मीही कन्नडमध्येच बोललो. आमच्या गल्लीत दोन्ही चालतात, त्यात अडचण काहीच नव्हती. अडचण अशी की त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पडद्यावर कुठल्या डिस्कचं नाव आहे, त्याआधीची ओळ काय आहे, काही नाही. इमर्जन्सी मोड हे दोन शब्द ऐकले आणि म्हणाले, सिस्टीम करप्ट झालीय, फॉर्मॅट करून नव्यानं घालावी लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही. मी रूटचा पासवर्ड मागितला. तो द्यायची पॉलिसी नाही म्हणाले. इंजिनिअर कधी येईल? शुक्रवारी. तोपर्यंत काय करायचं? तुमच्या भागात वीजच तशी आहे, सर.

हे शेवटचं वाक्य मी विसरलेलो नाही.

रात्री पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं पहिलं काय विचारलं असेल तर, “मामा, त्या चांदण्यांसमोर नाव कुठल्या डिस्कचं होतं?” मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, बघून सांगितलं: एसडीडी-१. “तुमच्याकडं डिस्क किती?” चार. एक एसएसडी, तिच्यात सिस्टीम. दोन दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एकीचा आरसा दुसरी, कामाच्या सगळ्या फायली त्यांच्यावर. चौथी यूएसबीची, बॅकअपसाठी. तो म्हणाला, मग घाबरू नका, सिस्टीम धडधाकट आहे, ती फक्त एका डिस्कची वाट बघत बसलीय.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. चालू होताना ग्रबचा, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आला की ‘ई’ दाबायचं, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी बॅश (हुकूम टाईप करायची खिडकी) उघडायला सांगणारी सूचना जोडायची आणि पुढं जायचं. पासवर्ड न विचारता सरळ रूट. (ज्याच्या हातात कीबोर्ड आहे त्याच्यापासून पासवर्ड लपवण्याची आपली पॉलिसी किती कामाची, ते इथं कळलं.) मग डिस्कवर लिहिण्याची मुभा घेतली, चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी असलेली एफएसटॅब फाईल उघडली, बॅकअपची ओळ वगळली जावी म्हणून तिच्या आधी एक हॅश टाकला आणि मशीन पुन्हा चालू केलं. दहा पंचवीसला सर्व्हर उभा राहिला. एकूण एक फाईल जागेवर. फॉर्मॅट केला असता तर यातलं काय उरलं असतं, ते आपणच सांगा.

आता सिस्टीम डिस्कची वाट का बघत होती ते सांगतो, कारण मुद्दा तिथंच आहे. आपल्या इंजिनिअरनं एफएसटॅबमध्ये बॅकअप डिस्क तिच्या यूयूआयडीनं, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख क्रमांकानं, न लिहिता ‘एसडीडी-१’ अशी लिहिली. एसडीए, एसडीबी ही काही डिस्कची नावं नव्हेत, मशीन चालू होताना ज्या क्रमानं डिस्क सापडतील त्या क्रमानं ही अक्षरं मिळतात. रांगेतला एकजण गैरहजर राहिला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढं सरकतात. शिवाय त्या ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द घातला असता, तर ती डिस्क नाही सापडली तरी सर्व्हर तिला सोडून पुढं गेला असता. एक शब्द. मी रोज प्रूफं वाचतो, एका शब्दानं काय होतं ते मला नव्यानं शिकायला नको.

पण मग गैरहजर कोण होतं?

भाच्यानं एमडीस्टॅट, म्हणजे आरशाची हालत दाखवणारी फाईल, बघायला सांगितलं. आरशाच्या दोन्ही डिस्क ठीक असल्या की तिथं चौकटी कंसात दोन यू शेजारी शेजारी दिसतात. आमच्याकडं आधी आडवी रेघ आणि मग एकच यू. म्हणजे जोडीतली एक डिस्क मेलेली. मला वाटलं, आजच्या दणक्यानं गेली. जुना लॉग काढला तर त्यात ९ मार्चची नोंद सापडली: एसडीबीमध्ये बिघाड, ती बाजूला काढली, काम एकाच डिस्कवर चालू. ९ मार्च ते २२ जुलै म्हणजे १३५ दिवस आमचा सगळा धंदा एका डिस्कवर लोंबकळत होता आणि आम्ही आपलं दोन आहेत म्हणून निवांत. इतके दिवस मशीन एकदाही पूर्ण बंद झालं नाही, म्हणून अक्षरं जागच्या जागी राहिली. त्या दिवशी बंद होऊन चालू झालं, मेलेली डिस्क हजेरीला आलीच नाही, सी ची बी झाली, डी ची सी झाली आणि सर्व्हर नसलेल्या डी ची वाट बघत बसला.

आणि यातलं सगळ्यात लागलेलं पुढंच आहे. आरशावर लक्ष ठेवणारा एमडीएडीएम हा प्रोग्रॅम गप्प बसलेला नव्हता. आरसा फुटला की तो रोज एक ईमेल लिहितो. कुणाला लिहायचं तो पत्ता त्याच्या फाईलीत भरायचा असतो. आपल्या माणसानं तो भरला नाही, मूळचा ‘रूट’ तसाच ठेवला. त्यामुळं पत्रं गेली त्याच मशीनमधल्या रूटच्या पेटीत, जिचा पासवर्ड फक्त आपल्याकडं. भाच्यानं पेटी उघडून दाखवली. मार्चपासून रोज एक, न चुकता, १३५ पत्रं, सगळ्यांचा विषय तोच. एकही उघडलेलं नाही. तिमाही तपासणी झाल्याची आपली दोन पत्रकं माझ्याकडं आहेत, एक एप्रिलच्या सुरुवातीचं आणि एक जुलैचं. दोन्हींवर ‘रेड: ओके’ (रेड म्हणजे हीच आरशाची जोडी) समोर बरोबरची खूण आहे. ती खूण कुठं बसून केली?

दुसऱ्या दिवशी बेळगावातूनच नवी दोन टीबीची डिस्क आणून जोडीत घातली. चारएक तासांत आरसा भरला, दोन यू परत आले. संध्याकाळी छपाईचं मशीन सुरू केलं. तरी सहा मंडळांचं काम तोवर दुसऱ्या छापखान्यात गेलं होतं. त्यांचं काही चुकलं म्हणत नाही.

२५ तारखेला आपल्याकडून कोणी आलं नाही, ईमेल आला. त्याच्या आदल्या दिवशी मी लॉगचा उतारा पाठवला होता. उत्तरात लिहिलंय की सर्व्हर सकाळी ९:१० वाजता बंद झाल्याचं लॉगवरून दिसतं, ग्राहकानं दुपारी साडेतीनला कळवलं, सबब विलंब ग्राहकाचा आणि कारण वीजपुरवठा. तक्रार बंद. महोदय, सकाळी ९:१० ला आमच्याकडं मशीनवर कागद चालला होता. आपण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर ठेवून दिलंय. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. ९:१० मध्ये साडेपाच तास मिळवा, दोन चाळीस येतात, जी वेळ मी पहिल्या फोनवर सांगितली होती तीच. बॅकअप रात्री दोनला होईल असं करारात आहे, तो रोज सकाळी साडेसातला, आम्ही फायली उघडायला बसलो की का सुरू होतो, हे कोडंही यातच सुटलं. आपलंच चुकीचं घड्याळ पुरावा म्हणून आमच्यावर टाकायचं, याला काय म्हणावं!

राहिली वीज. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हरनं आपणहून नीट बंद व्हायचं, हे बिलात स्वतंत्र ओळीत आहे आणि त्याचे २,५०० रुपये लावलेत. त्यासाठी यूपीएस आणि सर्व्हर यांच्यात एक यूएसबी केबल लागते. ती केबल यूपीएसच्या खोक्यात मिळाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेली. फोटो जोडलाय. विजेला दोष द्यायचा तर आधी ती पिशवी फाडायला हवी होती.

वर्कस्टेशनचं थोडक्यात सांगतो. तिन्हींवर भाषा हिंदी घातलेली होती, मराठी नाही. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात तिथं त्यामुळं ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. कन्नडचा फॉन्ट तर एकही नव्हता, नुसते चौकोन. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा नियम आल्यापासून आमच्याकडं दोन्ही भाषांची कामं येतात. या गावात पाटीवरच्या अक्षरांवरून मोर्चे निघालेत, इथलं गिऱ्हाईक ‘ल’ बघतं. हे मी स्वतः दुरुस्त केलं, त्याचे पैसे मागत नाही.

मागतो ते एवढंच. तक्रार पुन्हा उघडून कारणाच्या रकान्यात ‘वीज’ खोडून जे खरं आहे ते लिहावं. मेलेली डिस्क तीन वर्षांच्या वॉरंटीत आहे, तिच्या बदली नवी द्यावी. जुनी मी परत पाठवणार नाही, तिच्यावर गिऱ्हाइकांची कामं आहेत. इथं येऊन तिच्यातला बिघाड माझ्यासमोर तपासायचा म्हणालात तर तीही तयारी आहे. यूपीएसचं काम पूर्ण करावं किंवा २,५०० रुपये परत करावेत. रूटचा पासवर्ड लेखी द्यावा, मशीन आमचं आहे. आणि ती दोन तपासणी पत्रकं ज्यांनी भरली त्यांनी काय तपासलं, ते त्यांच्या सहीनं कळवावं.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. करारात वादाचं ठिकाण आपल्या मुख्य कार्यालयाचं शहर लिहिलंय ते मी वाचलंय. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं जाता येतं, आणि छापखाना हे माझ्या पोटापाण्याचं साधन आहे, मी स्वतः मशीनवर उभा राहतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून ठेवलाय.

उत्तर मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, कशातही द्या. फक्त रूटच्या पेटीत पाठवू नका.

आपला,
मुद्रक, शहापूर
(नाव व ग्राहक क्रमांक करारावर आहे तोच)

सोबत: बिल व कराराची प्रत, दोन तपासणी पत्रकं, पडद्याचा आणि केबलच्या पिशवीचा फोटो, ९ मार्चच्या नोंदीचा उतारा, नव्या डिस्कचं बिल